डाळिंबाची चकाकी

मैत्रिणींनो, केकवर किंवा पुडिंगवर लालचुटुक काचेसारखा थर दिसतो ना, त्याला बेकरीवाले ‘ग्लेझ’ म्हणतात. आमच्याकडच्या मुली त्याला सरळ ‘जेल’ म्हणतात, कारण त्यांनी तो डब्यातलाच पाहिलेला. बारामती काय किंवा इंदापूर काय, आता घरी केकच्या ऑर्डरी घेणाऱ्या मुली गल्लोगल्ली आहेत. क्लास करतात, ओव्हन घेतात आणि रंग-इसेन्स घातलेला जेलचा डबा विकत आणतात. आणि चार पावलांवर डाळिंबाची बाग! मला याची गंमतही वाटते आणि थोडा रागही येतो.

राग अशासाठी की, डाळिंब म्हणजे मोठं नाजूक पीक. पाण्याचा ताण बसला आणि मग एकदम पाऊस झाला की फळ तडकतं. तेल्या आला की सालीवर काळे, तेलकट डाग पडतात. आतले दाणे पुष्कळदा चांगले असतात, पण डागी फळाला व्यापारी हात लावत नाही, लावला तर मातीमोल भावानं. आमच्या बचतगटातल्या एका ताईंनी मला विचारलं होतं, “ताई, ह्या ढिगाचं करायचं काय? रस तरी किती पिणार?” त्यावर माझं एक उत्तर म्हणजे हा ग्लेझ. रस, साखर आणि दाटपणा आणणारं काहीतरी, बस्स, एवढंच असतं त्यात.

फळ मात्र पारखून घ्या. तडकलेलं फळ त्याच दिवशीचं असेल तर ठीक. चिरेत बुरशी किंवा काळे, मऊ पडलेले दाणे दिसले, तर तेवढाच भाग काढून बाकीचं वापरायचं असं करू नका, अख्खं फळ टाका.

दोन मध्यम डाळिंबांत साधारण वाटीभर रस निघतो. मिक्सर एक-दोनदाच, थांबवत थांबवत फिरवायचा. बिया भरडल्या गेल्या की रस तुरट-कडवट होतो. मग गाळून घ्यायचा. पातेलं स्टीलचंच घ्या, लोखंडी कढईत रस काळवंडतो. दोन चमचे कॉर्नफ्लॉवर थोड्या गार रसात कालवून ठेवा. गरम रसात टाकलंत तर गुठळ्या झाल्याच म्हणून समजा. उरलेल्या रसात दोन मोठे चमचे साखर घालून उकळी आणा (साखर कारखान्याची सभासदांची असली तर अजूनच छान!) आणि कालवलेलं मिश्रण ढवळत ढवळत ओता. आधी ते दुधाळ, गढूळ दिसेल. घाबरू नका. उकळत राहिलं की मिनिटभरात एकदम पारदर्शक होतं आणि चमच्याला चिकटून राहतं. तिथेच गॅस बंद. जास्त आटवत बसलात तर लाल रंग विटकरी होतो. लिंबाचा एक चमचा रस उतरवल्यावरच घाला. लिंबानं रंग खुलतो, पण उकळताना घातलं तर आंबटपणामुळे कॉर्नफ्लॉवर पातळ पडतं.

रंगावरून आठवलं. हल्लीच्या भगव्या डाळिंबाचा ग्लेझ गडद लाल होतो, ‘गणेश’ जातीचा फिका गुलाबी. ही गणेश जात आपल्या पुण्यातलीच बरं का! गणेशखिंडच्या फळबागेत डॉ. चीमा यांनी १९३६ मध्ये ती निवडली. फिका रंग दिसला म्हणून त्यात लाल रंग ओतू नका. फिका गुलाबी थर श्रीखंडावर किती सुरेख दिसतो, करून बघा.

क्रीमच्या केकवर ओतताना ग्लेझ कोमट, जवळजवळ गार हवा, नाहीतर क्रीम वितळतं. कापलेल्या केळ्यावर किंवा सफरचंदावर ब्रशनं लावला तर फोडी लवकर काळ्या पडत नाहीत, कारण हवा लागत नाही. हा ग्लेझ फ्रीझरमध्ये मात्र ठेवू नका, पाणी सुटतं. सुरीनं कापता येईल असा घट्ट थर हवा असेल तर कॉर्नफ्लॉवरऐवजी चायना ग्रास पाण्यात उकळून, पूर्ण विरघळवून रसात मिसळा. तो समुद्री शेवाळापासून होतो, त्यामुळे शाकाहारी घरात चालतो. जिलेटिन प्राणिजन्य असतं, हे ऑर्डर देणाऱ्याला आधी सांगितलेलं बरं. चायना ग्रास फ्रीजशिवायही घट्ट होतो, म्हणून तो कोमट असतानाच पटकन ओतायचा.

उपवासाच्या गोडावर काय, असं विचाराल तर इंदापूरचे पेरू आहेतच की! अर्धे कच्चे, अर्धे पिकलेले पेरू कापून, बुडतील एवढ्या पाण्यात वीस-पंचवीस मिनिटं शिजवा आणि फडक्यातून टांगून गाळा. फडकं पिळू नका, पाणी गढूळ होतं. वाटीभर पाण्याला पाऊण वाटी साखर आणि लिंबू घालून उकळा. पेरूत पेक्टिन भरपूर असतं, म्हणून दुसरं काहीच घालावं लागत नाही. चमच्यावरून दोन थेंब एकत्र होऊन ओघळायला लागले की ग्लेझ झाला. आणखी उकळलंत तर जेली होईल, तीही काही वाईट नाही!

आता विकण्याचं. गटातल्या बायका लगेच म्हणतात, बाटल्या भरू. माझं मत विचाराल तर नको. कॉर्नफ्लॉवरचा घरगुती ग्लेझ फ्रीजमध्ये तीन-चार दिवसच चांगला राहतो. बाटलीबंद करायचा तर निर्जंतुकीकरण, लेबल, अन्नसुरक्षेची नोंदणी हे सगळं आलं, आणि ते आधी रीतसर शिकायला हवं. बारामतीजवळ शारदानगरला कृषी विज्ञान केंद्र आहे, तिथे चौकशी करा. नोंदणी तर घरून केक विकणाऱ्या मुलींनाही लागतेच. बाटलीपेक्षा गाळलेला रस डीप फ्रीझरमध्ये ठेवणं सोपं. तो काही महिने राहतो, आणि ऑर्डर आली की केकवाल्या मुलीला वाटीभर देता येतो. ती ताजा ग्लेझ स्वतः करेल. भाव ठरवताना फळ आणि वीज सगळ्याच जणी धरतात. दाणे सोलायला बसलेल्या बाईचा वेळही त्यात धरा. आमच्या गटानं पहिल्या हिशोबात तो रकानाच ठेवला नव्हता, आता ठेवला आहे.