परदेशाचा धूर आपल्या शिवारात : वाऱ्याचा जमाखर्च कसा मांडतात?



२३ जानेवारी २०२२ चा दिवस पुण्या-मुंबईकडच्या मंडळींना आठवत असेल. सकाळी पाहावे तो सूर्य चंद्रासारखा फिका आणि गाड्यांवर, पत्र्यांवर पिठासारखी धूळ. एका कांदा उत्पादकाने मला विचारले, "साहेब, ही राख कुठनं आली? पातीला काही होईल का?" ती राख नव्हती. पाकिस्तानच्या बाजूने उठलेली धूळ अरबी समुद्रावरून आपल्याकडे आली होती. तुषार संच चालवला की पात धुऊन निघेल, एवढे मी सांगितले. पण खरी गोष्ट त्याच्या पुढची आहे.

धूळ याहूनही लांब जाते. १९ एप्रिल १९९८ रोजी गोबीच्या वाळवंटात वादळ उठले आणि त्याची धूळ अवघ्या पाच दिवसांत पॅसिफिक महासागर ओलांडून अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर उतरली. धूळ निदान डोळ्यांना दिसते. कारखाने, मोटारी आणि जाळलेला काडीकचरा यांतून निघणारे वायू दिसत नाहीत. ते उन्हात एकमेकांशी मिसळले की ओझोन तयार होतो. फार उंचावरचा ओझोन आपले कडक किरणांपासून रक्षण करतो, पण जमिनीलगतचा ओझोन पिकाला विषच. तो हवेत सरासरी तीन आठवडे टिकतो. उंचावरच्या जोरदार वाऱ्याला समुद्र ओलांडायला आठवडाभर पुरतो. म्हणजे एका खंडाचा धूर दुसऱ्या खंडाच्या गव्हावर उतरू शकतो.

आता कुणाचा धूर किती, हे ओळखायचे कसे? ओझोनवर गावाचे नाव लिहिलेले नसते. नवीन खत आले की आपण काय करतो? एका वाफ्याला ते देतो, शेजारचा तसाच ठेवतो आणि उताऱ्यातला फरक पाहतो. आभाळात असा चाचणी-प्लॉट पाडता येत नाही, म्हणून शास्त्रज्ञ तो संगणकात पाडतात. साऱ्या पृथ्वीवरच्या हवेचे चौकोनी खण कल्पायचे, जसे शेतात वाफे, फक्त इथे एकावर एक थरही असतात. मग प्रत्येक खणाचे खाते मांडायचे: शेजारून वाऱ्याने काय आले, जमिनीवरून किती धूर मिळाला, उन्हात नवीन काय तयार झाले, पावसाने किती धुतले, झाडा-मातीने किती शोषले. वाऱ्याचे आकडे हवामान खात्यांच्या नोंदींतून मिळतात. थोड्या-थोड्या वेळाच्या अंतराने हा जमाखर्च वर्षभराचा काढतात. एवढी बेरीज-वजाबाकी हाताने करायची म्हटले तर पिढ्या जातील!

संयुक्त राष्ट्रांच्या युरोपीय आर्थिक आयोगाखालील एका कार्यगटाने उत्तर अमेरिका, युरोप, पूर्व आशिया आणि दक्षिण आशिया या चार भागांचा असा हिशेब करवला. त्याचा मोठा अहवाल २०१० साली आला. एकदा सगळा धूर आहे तसा धरायचा, दुसऱ्यांदा एकाच भागाचा धूर २० टक्के कमी करायचा, आणि दोन्ही हिशेबांतला फरक पाहायचा. वेगवेगळ्या देशांच्या शास्त्रज्ञांनी आपापल्या संगणकावर तेच गणित केले. उत्तरे तंतोतंत जुळली नाहीत, पण दिशा एकच निघाली. परक्याचा वाटा नक्की आहे, पण आपल्या हवेवर सर्वांत जास्त परिणाम आपल्याच धुराचा होतो. दुसरी बाब मिथेनची. हा वायू दहाएक वर्षे टिकतो, साऱ्या जगात मिसळतो आणि ओझोनला खतपाणी घालतो. तो कुठेही कमी झाला तरी फायदा सगळ्यांनाच.

एक मर्यादाही सांगतो. त्या हिशेबातला एकेक खण शेकडो किलोमीटर रुंद होता. तुमच्या गट नंबरात काय चालले आहे, हे तो सांगू शकत नाही.

आपणही काही नुसते घेणारे नाही. हिवाळ्यात वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो. १९९९ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये देशोदेशीच्या शास्त्रज्ञांनी विमाने आणि जहाजांतून पाहणी केली, तेव्हा आपल्या उपखंडाचे धुरके हिंदी महासागरावर दूरवर पसरलेले आढळले. पावसाळ्यात समुद्राचा स्वच्छ वारा येतो, पाऊसही हवा धुतो. त्यामुळे ओझोनचा मार मुख्यतः रब्बीवर, त्यातही गव्हावर. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी अशाच संगणकी हिशेबातून २०१४ साली दाखवले की २००५ च्या धुरामुळे देशाचा सुमारे ३५ लाख टन गहू आणि २१ लाख टन भात ओझोनने बुडाला. कीड नाही, रोग नाही, तरी एवढी घट! हे मला सर्वांत जास्त खटकते, कारण ज्याचे गेले त्याला कळलेसुद्धा नाही.

ओझोन पानाच्या सूक्ष्म छिद्रांतून आत शिरतो. खालची जुनी पाने आधी फिकट ठिपक्यांनी भरतात आणि लवकर वाळतात, मग दाणा भरायला दिवस कमी पडतात. असे दिसले की पुष्कळजण लगेच फवारणी करतात. ओझोनवर औषध नाही. आधी खोड, पानाची मागची बाजू आणि मुळे तपासा. कीड-बुरशी सापडली नाही तर मातीचे परीक्षण करून घ्या, मगच खर्च करा.

आपल्या हातातले काम म्हणजे उसाचे पाचट न जाळणे. तोडणीनंतर ते सरीत दाबून प्रत्येक टनाला ८ किलो युरिया, १० किलो सुपर फॉस्फेट आणि १ किलो पाचट कुजवणारे जिवाणू टाकावेत व पाणी द्यावे. खोडव्याला ओल टिकते आणि सेंद्रिय खतही घरचेच मिळते. पाचट फार जाड पडले असेल तर आधी कुट्टी यंत्र फिरवून घ्यावे.