आधी चासी, मग इंजिन

हर्णै किंवा रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरावर मासळी भरून उभ्या असलेल्या पिकअपच्या मागे जाऊन बघा. क्रेटमधला बर्फ वितळत असतो, त्याचं खारट पाणी हौद्याच्या फटींतून गळतं आणि थेट चासीवर पडतं. गाडी घाट चढून कोल्हापूर नाहीतर मुंबई गाठेपर्यंत ही गळती चालूच. परत आल्यावर चालक हौदा धुतो, कारण त्याला वास येतो. चासीला वास येत नाही, म्हणून ती कुणी धूत नाही. अशी दहा-बारा वर्षं गेली की एक दिवस ती पिकअप निळा धूर सोडत गॅरेजच्या दारात येते आणि मालक विचारतो, "मेस्त्री, इंजिनच बदलून टाकू या का?"

पिकअप म्हटलं की आपल्याकडे आधी महिंद्राची गाडी डोळ्यांपुढे येते. टाटा २०७चे जुने भक्त आहेत, छोट्या हत्तीनं गल्लीबोळ काबीज केलेत. पण आंब्याच्या पेट्या, जांभ्याचे चिरे, गुरं, मंडपाचे बांबू, वऱ्हाड असं काहीही घालून डोंगरातल्या वाडीपर्यंत जायचं तर बोलेरो पिकअप किंवा तिच्या आधीच्या जीपवंशातली एखादी गाडीच लागते. या घराण्याची सुरुवात मुंबईत माझगावला झाली. तिथे विलीज जीपच्या जोडणीला आरंभ झाला. त्या जीप पेट्रोलवर चालत. डिझेल आलं ते शेतातून. १९६३ मध्ये महिंद्रानं इंटरनॅशनल हार्वेस्टरबरोबर ट्रॅक्टरचा धंदा सुरू केला आणि इंग्लंडमधल्या ब्रॅडफर्डच्या बी-२७५ ट्रॅक्टरचं इंजिन पुढे जीपच्या बॉनेटखाली गेलं.

ही ट्रॅक्टरची ओळख अजून पुसलेली नाही. डीआय, म्हणजे डायरेक्ट इंजेक्शनच्या, बोलेरोच्या २५२३ सीसी इंजिनाचा बोअर ८८.९ मिलिमीटर आणि स्ट्रोक १०१.६ मिलिमीटर. हे आकडे विचित्र वाटतात, पण इंचात बदलले की साडेतीन आणि चार असे सरळ उतरतात. ब्रिटिश ट्रॅक्टरवाल्यांनी फूटपट्टीनं ठरवलेली मापं मिलिमीटरचा वेष घेऊन आपल्या घाटरस्त्यांवर हिंडत राहिली. म्हणून तर हे इंजिन कमी आरपीएमला ओझं ओढतं, डिझेल बेतानं पितं आणि उभ्या गाडीत आरसा इतका थरथरवतं की मागचं काही दिसू नये.

दुसरं कूळ फ्रेंच. प्यूजोच्या परवान्यानं बनणारी इंजिनं इगतपुरीच्या कारखान्यातून निघत आणि जीप, मार्शल, आर्मडा अशा गाड्यांत बसत. ती मऊ चालतात, आवाज कमी. पण थंडीत सकाळी हीटर लावून थोडं थांबावं लागतं आणि ओझ्याखाली डिझेल जरा जास्त लागतं. गॅरेजमध्ये इंजिन बदलण्याची चर्चा निघते तेव्हा बहुधा याच दोघांची अदलाबदल मनात असते: प्यूजो काढून डीआय घालायचं. घराणं एकच म्हणून काम सोपं असेल असं मालकाला वाटतं. प्रत्यक्षात माउंटिंग बदलतात, बेल हाउसिंगची भोकं जुळतीलच असं नाही, प्रोपेलर शाफ्टची लांबी कमी-जास्त करावी लागते. आणि नव्या बीएस-सहा गाडीचं कॉमन रेल इंजिन जुन्या पिकअपमध्ये घालायचं कुणी सुचवलं तर त्याला चहा पाजून वाटेला लावावं. त्या इंजिनाबरोबर त्याचा संगणक, सेन्सर आणि वायरिंगचं सगळं जाळंही आणावं लागतं.

मुळात इंजिन खरंच गेलंय का, हे आधी बघायला हवं. काळा धूर म्हणजे डिझेल नीट जळत नाही. नोझल, पंप, एअर फिल्टर यांत दोष असू शकतो. ते इंजिनाचं मरण नव्हे. गरम झाल्यावरही पांढरा धूर येत असेल आणि रेडिएटरमधलं पाणी घटत असेल तर हेड गॅस्केटवर संशय घ्यावा. निळा धूर मात्र ऑइल जळण्याचा. अशा वेळी मेस्त्री इंजिन चालू ठेवून ऑइल भरायचं झाकण काढतो आणि वर तळहात धरतो. आतून धुराचा झोत धापा टाकत हातावर आदळला की तो म्हणतो, "बॅक कॉम्प्रेशन मारतंय." पिस्टन रिंग आणि बोअर झिजले आहेत, सिलिंडरमधला दाब खाली ऑइलच्या सम्पात उतरतोय, असा त्याचा अर्थ.

पण तरीही ब्लॉक शाबूत असेल तर इंजिन बांधता येतं. बोअर करून ओव्हरसाइज पिस्टन, नाहीतर नवे लायनर; क्रँक ग्राइंड करून त्या मापाची बेअरिंगं; हेडचं फेसिंग, व्हॉल्व्ह सीट, पंपाचं कॅलिब्रेशन. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात ही कामं पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहेत आणि कोकणातली कितीतरी इंजिनं घाट चढून तिथे जातात. शिवाय ब्लॉक तोच राहतो, म्हणजे इंजिन नंबरही तोच. ही गोष्ट किती मोलाची आहे ते आरटीओच्या दारात कळतं.

आता चासी. मघाच्या मालकाला शहाणा मेस्त्री इंजिनाबद्दल लगेच उत्तर देत नाही. गोणपाट अंथरून, हातोडी घेऊन तो गाडीखाली शिरतो. या गाड्यांची चासी शिडीसारखी असते: दोन लांब बाजू आणि मधे आडवे क्रॉस मेंबर. केबिन आणि हौदा वर बोल्टनं बसवलेले. हातोडी पुढून मागे सरकत जाते. टण, टण, टण, आणि मागच्या पाट्यांच्या शॅकलजवळ एकदम भद. तिथे पेचकस टोचला की तांबूस पापुद्रे सुटतात, कधी पेचकस आरपार जातो. पत्रा जिथे बंद पेटीसारखा आहे तिथे गंज आतून खातो. बाहेरून काळा रंग मारलेला आणि आत मीठ-चिखलाचा लगदा. गाडी विकण्याआधी मारलेल्या ताज्या काळ्या रंगाकडे मी तरी नेहमी संशयानंच बघतो.

केबिनचा तळ सडला असेल तर घाबरायचं कारण नाही. डेंटर पत्रा कापून नवा जोडतो, हौदा तर अख्खा नवा बांधून मिळतो. पण शॅकलचे ब्रॅकेट, स्टिअरिंग बॉक्सची जागा आणि इंजिन माउंटिंगची जागा या तीन ठिकाणी पत्रा पोकळ वाजला तर विषय संपला. तिथे पट्टी मारून वेल्डिंग केलं तरी पट्टीच्या कडेला नवी चीर जाते. त्यात डीआयची थरथर. सडक्या चासीवर जोमदार इंजिन बसवणं म्हणजे ती चीर लवकर रुंदावण्याची सोय करणं. चासी बदलूनही भागत नाही, कारण गाडीचा नंबर तिच्यावरच ठोकलेला असतो. कायद्याच्या लेखी चासी हीच गाडी.

कायद्याचं थोडक्यात सांगतो. मोटार वाहन कायदा १९८८चं कलम ५२ यासाठी आहे. इंजिन बदलताना नोंदणी करणाऱ्या आरटीओची परवानगी लागते, आणि ती न घेता बदललं गेलं असेल तर १४ दिवसांत कळवावं लागतं. नवा नंबर आरसीवर चढला नाही तर फिटनेसला गाडी अडते आणि अपघातानंतर विम्याचा सर्व्हेअर नंबर पडताळतोच. आठ वर्षांवरच्या मालवाहू गाडीला दरवर्षी फिटनेस काढावं लागतं, त्यामुळे ही लपवालपवी फार तर वर्षभर टिकते. पंधरा वर्षं उलटलेल्या गाडीची फिटनेस फी १ एप्रिल २०२२ पासून चांगलीच वाढलेली आहे. इंजिनाचा खर्च मांडताना हीही रक्कम पुढच्या प्रत्येक वर्षासाठी धरायला हवी, आणि ती धरायला बहुतेक जण विसरतात.

माझं मत विचाराल तर बंदरावर राबलेल्या पिकअपवर इंजिन बदलण्याचा खर्च क्वचितच फळतो. घाटावरच्या, ऊस-भाजीपाला वाहणाऱ्या, कोरड्या हवेतल्या गाडीची चासी वीस वर्षांनंतरही टणटणीत निघू शकते. तिथे आहे तेच इंजिन बांधावं. ब्लॉकलाच तडा गेला असेल तरच दुसरं इंजिन बघावं, तेही त्याच जातीचं. चासी पोकळ असेल तर गाडी नोंदणीकृत स्क्रॅप केंद्रात द्यावी. तिथल्या प्रमाणपत्रावर नवी मालवाहू गाडी घेताना रस्ता करात १५ टक्क्यांपर्यंत सवलत देण्याची तरतूद केंद्राच्या नियमांत आहे. आणि कुर्ल्याच्या बाजारातून किंवा आणखी कुठून जुनं इंजिन आणायचं ठरलंच, तर ज्या गाडीतून ते निघालं तिच्या आरसीची प्रत आणि पक्कं बिल हातात पडल्याशिवाय इसारसुद्धा देऊ नका.