सेवेला निघालेल्यांचे सोबती

डहाणू रोड स्टेशनावर उतरून चारोटीच्या वाटेने निघाले म्हणजे काही कोसांवर गंजाड लागते. गाव म्हटल्यावर एकमेकांना टेकलेली घरे, मध्ये चावडी, असे जे चित्र आपल्या डोळ्यांपुढे येते तसे हे गाव नव्हे. येथे पाडे आहेत; एका पाड्यातून दुसऱ्यात जायचे तर भाताची खाचरे ओलांडावी लागतात. जिव्या सोमा मशे याच गावच्या कळंबीपाड्यात राहत. लग्नघरच्या कुडाच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने काढली जाणारी वारल्यांची चित्रे त्यांनी कागदावर व कापडावर आणली, ती परदेशांतील संग्रहालयांत लागली, आणि २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. २०१८ मध्ये ते वारले. त्यांच्या नावामुळे आता गंजाडला मोटारी येतात. आम्ही गेलो ते मात्र चित्रे घेण्यासाठी नव्हे. पुण्यामुंबईची जी सुशिक्षित माणसे १९४० नंतरच्या काळात या मुलखात सेवा करण्यासाठी म्हणून उतरली, त्यांना पहिल्या पावसाळ्यात काय वाटले असेल, याचा अंदाज घ्यावा एवढाच हेतू होता.

त्यांच्या दृष्टीने हा परदेशच होता. बोली मराठीच्याच कुळातली, पण कानाला अनोळखी. सावकार आणि जमीनदार यांच्या भीतीने वारली माणूस पांढरपेशा पाहुणा दिसताच रानात शिरे. पावसाने वाट तुटली की चार महिने जगाचा संबंध तुटला. अशा ठिकाणी बोलायला, भांडायला, ताप आला तर कपाळावर हात ठेवायला एकच माणूस उरते, ते म्हणजे आपल्याबरोबर आलेला सोबती. आजच्या व्याख्यानाचा विषय हा सोबती होय.

दूरदेशी सेवेला जाणाऱ्यांच्या तयारीविषयी आपण जे वाचतो त्यात अभ्यासक्रमच फार असतो. भाषा शिकावी, थोडे औषधपाणी शिकावे, हिशेब शिकावा, त्या लोकांच्या चालीरीती वाचाव्या. १९१० साली एडिंबरो येथे जगभरच्या ख्रिस्ती मिशनांची मोठी परिषद भरली, तेव्हा तिने नेमलेल्या आठ समित्यांपैकी एक केवळ मिशनऱ्यांच्या तयारीचा विचार करण्यासाठी होती. पण ज्यांच्याशेजारी बसून हे सारे शिकायचे, ती माणसे ओळखण्याचा धडा कोणत्या तासाला असतो? तो वेळापत्रकात नसतो. आणि सेवाकार्ये मोडतात ती बहुधा नेमकी येथेच मोडतात, असे आमचे मत आहे.

विल्यम कॅरी याचेच उदाहरण घ्या. याला आपण मराठी माणसांनी विसरू नये. १८०५ साली मराठीचे व्याकरण छापणारा तो हाच, आणि त्या कामी वैजनाथ पंडितांचे साह्य त्याने घेतले होते. हा गृहस्थ १७९३ साली इंग्लंडातून बंगालला निघाला तेव्हा त्याच्या जोडीला जॉन टॉमस नावाचा डॉक्टर होता. दोघांची ओळख निघण्याच्या थोडेच आधी झालेली. टॉमस मनाने उदार, पण पैशाच्या बाबतीत अगदी बेभरवशाचा. त्याच्या सावकारांपायी निघतानाच खोळंबा झाला आणि बंगालात उतरल्यावरही कॅरीच्या कुटुंबाचे हाल झाले. पुढे १७९९ च्या अखेरीस मार्शमन आणि वॉर्ड ही मंडळी श्रीरामपूरला आली आणि १८०० च्या आरंभी कॅरी त्यांना मिळाला. आता मात्र तो शहाणा झाला होता. सर्वांनी एकत्र राहायचे, एका पंक्तीला जेवायचे, मिळकत एका पेटीत टाकायची, असे ठरले. आणि दर शनिवारी संध्याकाळी सर्वांनी एकत्र बसून आठवड्यात एकमेकांविषयी जे काही मनात साचले असेल ते बोलून टाकायचे व निकालात काढायचे, असाही नियम केला. आम्हांला हा नियम त्यांच्या छापखान्याइतकाच महत्त्वाचा वाटतो. या तिघांची जोड अखेरपर्यंत टिकली. पण त्याच श्रीरामपूरला पुढे नव्या दमाचे तरुण मिशनरी आले, त्यांचे या वडीलधाऱ्यांशी पटेना, आणि ते कलकत्त्यास जाऊन वेगळे झाले. शनिवारची बैठक जुन्यांनी आपसांत घडवलेली. नवे तिच्यात घडले नव्हते.

आपल्याकडे मिशन हा शब्द उजळ माथ्याने स्वीकारला तो महर्षी विठ्ठल रामजी शिंदे यांनी. १९०१ ते १९०३ ही दोन वर्षे ते ऑक्सफर्डच्या मँचेस्टर कॉलेजात होते. युनिटेरियन पंथाचे धर्मोपदेशक तयार करणारे हे कॉलेज. जमखंडीचा हा मराठा तरुण तेथे तौलनिक धर्माचा अभ्यास करीत होता आणि 'सुबोधपत्रिके'साठी विलायतेची पत्रे लिहीत होता. युनिटेरियनांची शहरांतील गरीब वस्त्यांतून कामे चालत, तीही त्यांनी पाहिली. त्यांचे सहाध्यायी असल्याच कामासाठी तयार होत होते. धर्मोपदेशकाने झोपडपट्टीत जाऊन बसावे ही गोष्ट त्या मंडळींना स्वाभाविक वाटे, आणि त्यांच्यात वावरल्यावर ती शिंद्यांनाही तशी वाटू लागली असल्यास नवल नाही. १८ ऑक्टोबर १९०६ रोजी परळला त्यांनी निराश्रित साह्यकारी मंडळी, म्हणजेच डिप्रेस्ड क्लासेस मिशन, स्थापन केली. त्यात त्यांची बहीण जनाबाई, वामनराव सोवनी, सय्यद अब्दुल कादर अशी माणसे कामाला लागली. ब्राह्मण, मराठा, मुसलमान असे त्या काळी एका कामात, एका बिऱ्हाडासारखे राहणे ही सोपी गोष्ट नव्हती. मतभेद त्यांच्याही वाट्याला आले. १९१० साली प्रार्थनासमाजाचे प्रचारकपद त्यांनी सोडले आणि १९२३ साली मिशनच्या कारभारातूनही ते बाजूला झाले. एवढ्या थोर माणसाची ही कथा, मग इतरांची काय सांगावी!

गोखल्यांना याची जाण होती असे दिसते. १२ जून १९०५ रोजी पुण्यात भारत सेवक समाज निघाला, तेव्हा नव्या सभासदाने पाच वर्षे उमेदवारी करावी असा दंडक त्यांनी घातला. सभासदाने घ्यावयाच्या सात शपथा आहेत. देश प्रथम, स्वतःसाठी पैसा मिळवणार नाही, सर्व भारतीयांना भाऊ मानीन, या आपल्याला अपेक्षितच असतात. पण त्यांत एक शपथ अशी आहे की, मी कोणाशीही वैयक्तिक भांडण करणार नाही. देशासाठी घरदार सोडून आलेल्या पदवीधरांकडून इतकी घरगुती शपथ का घ्यावी? आम्ही तरुण होतो तेव्हा या शपथेला हसलो होतो. आता हसत नाही.

का, ते सांगतो. एका संस्थेच्या ग्रामसेवक शिबिरात आम्ही काही महिने होतो. पहाटे प्रार्थना, सफाई, सूतकताई, आणि दोघादोघांनी मिळून दळण. जाते हे माणूस ओळखण्याचे मोठे नामी साधन आहे. खुंट्याला दोघांचे हात असतात. एकाने ओढ अधिक दिली की दुसऱ्याचा खांदा भरून येतो, एकाने अंग चोरले की दुसऱ्याला तत्काळ कळते, आणि दोघेही घाईत असले की पीठ भरड पडते व सगळ्या पंगतीला ते कळते. आमच्या जोडीला एक आडदांड गृहस्थ होते. ते फार जोराने फिरवीत. आम्ही 'जरा हळू' म्हणत असू, ते लक्ष देत नसत. तीन दिवस आम्ही धुमसलो, चौथ्या दिवशी व्यवस्थापकांकडे तक्रार केली. तेव्हा समजले की गृहस्थांना डाव्या कानाने ऐकू येत नाही, आणि आम्ही रोज त्यांच्या डावीकडे बसत होतो! जागा बदलली, तंटा संपला, आणि पुढे त्यांच्याइतका मित्र आम्हांला त्या शिबिरात दुसरा लाभला नाही.

त्याच शिबिरात दुसरी एक जोडी होती. तोंडभरून बोलणे, कधी आवाज चढलेला नाही, सर्वांना त्यांचे कौतुक. त्या दोघांना एकाच गावी धाडण्यात आले. चार महिन्यांत एक जण घरी परतला. दुसऱ्याने एकट्याने काही दिवस रेटले आणि बालवाडी बंद पडली. पुढे आम्ही त्या गावी गेलो तेव्हा एका म्हातारीने विचारले, "ते मास्तर रुसले का आमच्यावर?" गावावर कोणी रुसले नव्हते. पण तिला हे कसे पटवावे? दोघे शिबिरात भांडले असते तर बरे झाले असते, असे तेव्हा वाटले. एकमेकांसमोर सतत चांगले दिसण्याच्या खटपटीत ती ओळख व्हायचीच राहून गेली होती.

आता डहाणूच्या मुलखाकडे परत येऊ. १९४४ च्या फेब्रुवारीत कस्तुरबा गेल्या आणि त्यांच्या नावे जो निधी जमला, त्यातून खेड्यांतील स्त्रिया व मुले यांच्यासाठी काम करणाऱ्या सेविका तयार करण्याचे ठरले. १९४५ साली असे एक शिबिर बोरिवलीला भरले. त्यात पुण्याच्या हुजूरपागेतील एक शिक्षिका आली होती, अनुताई वाघ. लहानपणी लग्न, काही महिन्यांत वैधव्य, मग शिक्षण आणि नोकरी, वय ३५. नोकरी चांगली होती, सोडण्याचे कारण नव्हते. तेथे त्यांची गाठ पडली ताराबाई मोडकांशी. ताराबाई तेव्हा ५३ वर्षांच्या. भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर बालशिक्षणाचे काम केलेल्या, नूतन बाल शिक्षण संघाच्या कर्त्या. एक नाव झालेली, एक अनोळखी. शिबिरातले नाते गुरुशिष्येचे म्हणावे लागेल. पण त्याच वर्षीच्या डिसेंबरात बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र निघाले आणि तेथे या नात्याला वेगळे वळण लागले.

बोर्डीला मुले शाळेत येईनात. तेव्हा शाळाच मुलांच्या अंगणात नेली. अंगणवाडी हा शब्द आज देशभर चालतो तो या खटाटोपातून आला. मुलांना आंघोळ घाला, केस विंचरा, नखे काढा, मग गोष्ट सांगा. माँटेसरी पद्धतीची महागडी साधने परवडेनात, तेव्हा शंखशिंपले, बिया, पाने पुढे आली. अशा कामात गुरू खुर्चीत आणि शिष्या अंगणात असे चालत नाही. ताराबाईंनी पद्धत आणली, अनुताईंनी ती रोजच्या रोज मुलांच्या अंगाखांद्यावर घासून पाहिली. आणि जी टिकली नाही ती बदलली. १९५७ साली दोघी कोसबादच्या टेकडीवर आल्या. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा काढली ती तेथेच. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी ताराबाई गेल्या, म्हणजे बोरिवलीपासून २८ वर्षे झाली होती. त्यानंतर १९९२ पर्यंत अनुताईंनी तेच काम चालवले.

दोघींचे स्वभाव एकसारखे होते असे समजू नये. वयाचे, शिक्षणाचे, प्रतिष्ठेचे अंतर तर उघडच होते. पण एक गोष्ट त्यांच्या बाजूची होती. शिबिर संपताच लगेच दोघींच्या हाती अवघड आणि ठोस काम पडले. ओळख वाढायला गप्पांपेक्षा नकार देणारे मूल अधिक उपयोगी पडते.

याच १९४५ साली, याच वारल्यांत, भारत सेवक समाजाच्या तालमीत वाढलेल्या गोदावरी परुळेकर व त्यांचे पती शामराव हे किसान सभेचे कार्यकर्ते म्हणून वेठबिगारीविरुद्ध उभे राहिले. मे महिन्यात तलासरीजवळ झरी येथे वारल्यांची परिषद भरली. दोन्ही मार्ग निराळे, पण दोन्हीकडे माणसे जोडीने उतरली, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. डहाणूत त्याआधीच अमेरिकेतील ब्रदरन पंथाचे मिशन होते. त्या पंथाची पहिली तुकडी १८९४ साली निघाली ती तीनच माणसांची, एक जोडपे आणि एक कुमारिका. बलसारला त्यांनी बस्तान बसवले. आगबोटीच्या त्या प्रवासात तिघांनी एकमेकांना किती ओळखले असेल, याचे आम्हांला फार कुतूहल आहे.

गंजाडला आम्ही एका अंगणवाडीच्या ओट्यावर थोडा वेळ टेकलो होतो. १९७५ पासून सरकारच्या एकात्मिक बालविकास योजनेत ही अंगणवाडी सर्वत्र पोचली आहे. सेविका वजनकाट्याला लोंबकळणाऱ्या पोराचा आकडा मोठ्याने वाचीत होती आणि मदतनीस आत खिचडी ढवळता ढवळता तो ऐकत होती. एकदा आकडा चुकला. आतून आवाज आला, "त्याचा नाय तो, मागचा तेवढाच होता." सेविकेने पुन्हा काटा पाहिला आणि वहीत खोडून नवा आकडा लिहिला. दोघी एकाच पाड्यात वाढलेल्या. "तुमचे कधी भांडण होत नाही का?" असे आम्ही विचारले, तेव्हा दोघी हसल्या. "होते की," मदतनीस म्हणाली, "काल झाला." आणि तिने आम्हांला खिचडीची ताटली आणून दिली.