अब्बांचे घर रिकामे केले, त्याचा हिशेब

डिसेंबर २०२४ मध्ये आमचे थोरले बंधू कुवेतहून तीन आठवड्यांच्या रजेवर आले. चिपळूणच्या आमच्या जुन्या दुमजली घराची जागा विकासकाला द्यायचे ठरले होते आणि ३१ डिसेंबरपर्यंत वरचा मजला रिकामा करून द्यायचा होता. अम्मी आधीच गेली होती. अब्बांचा इंतकाल सप्टेंबर २०२३ मध्ये झाला. तेव्हापासून घराला कुलूप होते आणि आम्ही चौघे भावंडे चार दिशांना. थोरले कुवेतला, आपा खेडला, धाकटी बहीण मुंब्र्याला आणि आम्ही शाळेच्या नोकरीत पुण्याला.

दार उघडले आणि चाळीस वर्षांचा संसार समोर आला. माळ्यावर पितळेचे टोप, तांब्याचे हंडे, लग्नाकार्यात गल्लीभर फिरणारी मोठी पातेली. अब्बांचे सागवानी कपाट, झोपाळा, दोन पलंग. भिंतीतल्या फडताळात उर्दू पुस्तके, 'इन्कलाब'चे गठ्ठे, औषधांच्या पिशव्या आणि कुणाकुणाच्या लग्नपत्रिका. थोरले पाच मिनिटे उभे राहिले आणि म्हणाले, "माणसे लावू या. पैसे जातील, पण सुटू."

आजकाल असे काम करणारे लोक मिळतात. सामान हलवणाऱ्या कंपन्या तर आहेतच, पण घर पूर्ण रिकामे करून, झाडून चावी हातात देणारेही आहेत. एकाने येऊन पाहणी केली. त्याने सामान मोजण्याआधी जिना मोजला हे आमच्या लक्षात राहिले. अरुंद लाकडी जिना, दारापर्यंत टेम्पो येत नाही, गल्लीच्या तोंडापर्यंत डोक्यावरून न्यायचे. भाव यावरच ठरतो. सहा माणसे, दोन दिवस, दोन टेम्पो मिळून ३८,००० रुपये, बिल हवे असेल तर वर जीएसटी. निघालेले सगळे भंगार त्यांचे. दुसरा एक भंगारवाला आला. त्याने पैसे मागितलेच नाहीत. उलट आम्हालाच १५,००० देऊन "जसे आहे तसे" उचलायला तो तयार होता. त्याची नजर सारखी माळ्याकडे जात होती, ते का हे आम्हाला नंतर कळले.

आम्ही दोघा भावांनी पहिल्याला होकार दिला आणि १५,००० रुपये आगाऊ दिले. बहिणींना रात्री फोनवर सांगितले. आपा एवढेच म्हणाली, "मी परवा येते, तोवर थांबा." रजेचे दिवस भराभर संपत होते. आम्ही थांबलो नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी माणसे आली आणि मागच्या खोलीपासून त्यांनी सुरुवात केली. माणसे कामाची होती, यात वाद नाही. दुपारपर्यंत पहिला टेम्पो भरून गेलासुद्धा. त्यात गाद्या, मोडक्या खुर्च्या, प्लास्टिकचे डबे आणि एक पत्र्याची पेटी होती. ती पेटी आमच्यापैकी कोणीही उघडलेली नव्हती.

संध्याकाळी खालच्या मजल्यावरच्या चाची वर आल्या. बराच वेळ दारात उभ्या राहिल्या आणि मग संकोचत म्हणाल्या, "बेटा, तुमच्या अब्बांकडे माझे पैंजण होते." २२ जुलै २०२१ च्या पुरात वाशिष्ठीचे पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत आणि घराघरांत शिरले होते, हे वाचकांना आठवत असेल. चाचींचे घर तळमजल्यावर. त्यानंतर त्यांनी आपल्या आईचे चांदीचे पैंजण एका लहान पितळी डब्यात घालून वर अब्बांकडे ठेवायला दिले होते. अब्बा गेल्यावर मय्यतीच्या घरी आपली वस्तू कशी मागायची, म्हणून त्या गप्प राहिल्या. आता सामान खाली उतरताना पाहून त्यांना राहवेना.

रात्री आम्ही कंत्राटदाराच्या गोदामात गेलो. पेटी सापडली, पण तिची कडी तुटलेली होती. आत अब्बांचे कागद आणि काळ्या पुठ्ठ्याची एक वही होती. पितळी डबा नव्हता. गोदामातला माणूस म्हणाला, पेटी आली तशीच आहे. असेलही. आम्ही ती उघडून पाहिलीच नव्हती, तर बोट कोणावर ठेवणार? आम्ही काम तिथेच थांबवले. आगाऊ दिलेले १५,००० परत मिळाले नाहीत.

वहीत अब्बांच्या बारीक अक्षरात सगळे होते. चाचींच्या पैंजणांची नोंद, वजनासह: २५० ग्रॅम. एका किराणा दुकानदाराचे ४,२०० रुपये देणे बाकी. अम्मीचे महर पूर्ण अदा केल्याची जुनी नोंद, तारखेसह. मरहूम व्यक्तीच्या मालमत्तेतून आधी कफन-दफनचा खर्च, मग कर्ज, मग एक तृतीयांशापर्यंतची वसीयत आणि त्यानंतर उरेल ते वारसांना, हा क्रम आपण सारेच ऐकत आलो आहोत. पत्नीचे न दिलेले महर कर्जातच मोडते, हेही. पण कर्ज आहे की नाही हे ज्या कागदावर लिहिलेले असते, तोच कागद आम्ही टेम्पोत चढवला होता.

मशिदीतल्या मौलानांना विचारले. त्यांनी दोन गोष्टी सांगितल्या आणि दोन्ही आम्हाला झोंबल्या. पहिली: अमानत सांभाळणाऱ्याची चूक नसताना ती गेली तर भरपाई लागत नाही, पण हलगर्जीपणाने गेली तर लागते. ही हलगर्जी अब्बांची नव्हे, तुमची. तेव्हा भरपाई तरक्यातून नव्हे, तुमच्या खिशातून. बहिणींच्या हिश्शाला हात लावता येणार नाही. दुसरी: घरातला चमचासुद्धा तरका आहे. सूरह निसाच्या सातव्या आयतीत पुरुषांचा आणि स्त्रियांचा वाटा सांगताना मागे राहिलेली मालमत्ता थोडी असो की जास्त, असे स्पष्ट म्हटलेले आहे. मग "भंगार तुमचे" असे चौघांपैकी दोघे कसे काय बोलून बसलात?

याला आमच्याकडे उत्तर नव्हते. जमीन आणि घराच्या वाटणीत बहिणींना विसरणाऱ्यांवर आपल्या मासिकांतून पुष्कळ लिहिले जाते आणि ते वाचून आम्ही मान डोलावत आलो आहोत. टोप-पातेल्यांच्या बाबतीत मात्र आपण वारस मोजत नाही. मरहूमचे कपडे कुणाला तरी देऊन टाकतो, सदका म्हणून भांडी वाटतो, शेजारणीला कपाट देतो. नेक कामच ते, पण वाटणीआधी सर्व वारसांची संमती हवी. वारसांत एखादे अज्ञान मूल असेल तर त्याच्या संमतीला अर्थ नाही; त्याचा वाटा आधी वेगळा काढावा लागतो. यतिमांच्या मालाबद्दल त्याच सूरहच्या दहाव्या आयतीत आलेला इशारा आठवला तर हात आपोआप थांबेल.

आपा आणि धाकटी आल्या. मग तीन दिवस आम्ही चौघांनी स्वतः काम केले. गावातली चार माणसे लावली, पण ती फक्त उचलायला. निवडायचे आम्ही, उचलायचे त्यांनी.

सगळ्यात जास्त वेळ कागदांना लागला. उर्दू वर्तमानपत्रांत आणि मासिकांत जागोजागी आयती छापलेल्या असतात. गठ्ठा तसाच रद्दीत घालवेना. दोन संध्याकाळी पाने वेगळी काढण्यात गेल्या. कुरआन शरीफच्या जीर्ण प्रती आणि ही शहीद पाने पांढऱ्या कापडात बांधून मौलानांच्या सल्ल्याने स्वच्छ जागी, पाय पडणार नाहीत अशी दफन केली. शब्दकोश आणि चांगली पुस्तके एका शाळेच्या ग्रंथालयाला दिली, चौघांना विचारून. फडताळात घराच्या मिळकत पत्रिकेची जुनी प्रत निघाली, निकाहनामा निघाला आणि एका बँकेची मुदत ठेवीची विसरलेली पावतीही. दहा वर्षे व्यवहार न झालेल्या ठेवींची रक्कम बँका रिझर्व्ह बँकेच्या ठेवीदार निधीत भरतात, पण वारसांचा हक्क बुडत नाही. बँकेत कागदपत्रांनिशी मागता येते. अशा ठेवी शोधायला रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२३ मध्ये 'उद्गम' नावाचे पोर्टल सुरू केले आहे. ती पावती रद्दीत गेली असती तर शोधायचे काय, हेच आम्हाला कळले नसते.

जुना पिक्चर ट्यूबचा टीव्ही मात्र कोणी घेईना. त्याच्या काचेत शिसे असते, उघड्यावर फोडणे चांगले नव्हे. शेवटी तो आमच्यासोबत गाडीत मागच्या सीटवर बसून पुण्यापर्यंत आला आणि ई-कचऱ्याच्या केंद्रात गेला. मुलांनी त्याला सीट बेल्ट लावला होता.

आता पैशांचे. माणसांची मजुरी, चौघांना रोज ९०० प्रमाणे तीन दिवस, १०,८००. टेम्पोच्या तीन खेपा ७,५००. कपाट आणि पलंग सोडवायला सुतार, २,०००. चहा-जेवण २,४००. उरलेला कचरा उचलायला १,५००. एकूण खर्च २४,२००. दुसऱ्या बाजूला पितळ ४६ किलो, ४६० च्या भावाने २१,१६०. तांबे ११ किलो, ७०० ने ७,७००. लोखंड, त्यात जुना फ्रीजही आला, १२० किलोचे ३,३६०. रद्दी १८० किलो, २,१६०. सागवानी कपाट, पलंग आणि झोपाळा मिळून ३२,०००. एकूण ६६,३८०. हे भाव त्या आठवड्याचे, त्या गावचे. तुमच्याकडे वेगळे असतील. पण १५,००० देऊन "जसे आहे तसे" उचलणाऱ्याची नजर माळ्यावर का होती, ते यावरून कळेल. आणि ३८,००० घेणाऱ्यालाही खरी कमाई भंगारातच होती.

वजनकाटा आम्ही आमच्या दारात लावला आणि चौघांनी पाहिला. आपाला अम्मीचा तांब्याचा हंडा हवा होता. तो असाच घे म्हणून आम्ही म्हटले, तर ती ऐकेना. हंडा काट्यावर चढला, त्याची किंमत वर धरली आहे आणि आपाच्या वाट्यातून वळती केली. धाकटीने एक टोप घेतला, त्याचेही तसेच.

किराणा दुकानदाराचे ४,२०० आधी दिले. त्याने वही काढून नाव खोडले तेव्हा आमच्या थोरल्या बंधूंचे डोळे भरून आले. काम आटोपल्यावर खर्च चौघांच्या संमतीने एकूणातून वजा केला. राहिले ३७,९८०. दोन भाऊ, दोन बहिणी, म्हणजे सहा भाग. एक भाग ६,३३० रुपयांचा. बहिणींना प्रत्येकी ६,३३०, भावांना प्रत्येकी १२,६६०. पण बुडालेले १५,००० आणि पैंजणांचे, त्या दिवशीच्या चांदीच्या भावाने, २२,५०० असे ३७,५०० आम्हा दोघा भावांवर आले, प्रत्येकी १८,७५०. वाट्याला आले त्यापेक्षा ६,०९० जास्त गेले.

चाचींनी पैसे मोजले नाहीत. रुमालात बांधताना त्यांनी विचारले, "डबा तरी मिळाला का? तो पण माझ्या अम्मीचाच होता." त्याची किंमत आम्ही धरलीच नव्हती. विचारले तर त्यांनी मान हलवली आणि घरात गेल्या.

मग असे लोक बोलवायचेच नाहीत का? तसे आम्ही म्हणणार नाही. वारस म्हातारे असतील, परदेशात असतील, चौथ्या मजल्यावरून कपाट उतरवायचे असेल, तर माणसे लागतातच आणि त्यांच्या घामाचा मोबदला द्यायलाच हवा. पण त्यांना बोलावण्याआधी घरातली प्रत्येक पेटी, कपाट, गादीखालची जागा आणि औषधाचा डबासुद्धा वारसांपैकी कोणीतरी उघडलेला असावा. कागद, दागिने आणि दुसऱ्याची वस्तू आधी घराबाहेर काढावी. भंगार कोणाचे हे कागदावर लिहून घ्यावे, कारण भावातला खरा फरक तिथेच असतो. आगाऊ रक्कम जितकी थोडी तितकी बरी. शेजाऱ्यांना दोन दिवस आधी सांगावे, की घर रिकामे होत आहे, कोणाचे काही असेल तर बोला. एवढे आम्ही केले असते तर चाची आदल्या दिवशीच वर आल्या असत्या.

थोरले बंधू परत निघाले तेव्हा मुंबई विमानतळावर जाताना त्यांनी गाडीतून फोन केला. त्यांच्या मुंब्र्याच्या फ्लॅटमध्ये कोणत्या कपाटात काय आहे, कोणाचे देणे आहे, कोणाची वस्तू आहे, हे ते सांगत गेले आणि आम्ही एका वहीत लिहून घेतले. सव्वीस नोंदी झाल्या. त्यांतल्या चार वस्तू दुसऱ्यांच्या निघाल्या. एक तर आमच्याच भाचीची.