अंदमानच्या सहलीचा जमाखर्च

भंडारा जिल्हा हा तलावांचा जिल्हा होय. धानाच्या बांध्या, त्यांना पाणी पुरविणारे जुने तलाव आणि वैनगंगेचे रुंद पात्र पाहतच येथील मुले वाढतात. पाणी त्यांना नवे नाही. समुद्र मात्र नवा आहे. अशा घरात वडील माणसे अंदमानचे नाव काढतात, ते केवळ समुद्राच्या हौसेने नव्हे. 'काळे पाणी' हे शब्द मराठी घराच्या कानी पिढ्यान्‌पिढ्या पडत आले आहेत. सावरकरांना १९११ साली ज्या तुरुंगात नेण्यात आले, तो सेल्युलर तुरुंग १८९६ ते १९०६ या दहा वर्षांत बांधला गेला. त्याच्या सात बाह्यांपैकी आज तीन उभ्या असून, ती वास्तू १९७९ पासून राष्ट्रीय स्मारक आहे. ती एकदा डोळ्यांनी पाहावी ही इच्छा कित्येक आजी-आजोबांच्या मनात असते. इच्छा थोर खरी. परंतु तिचा जमाखर्च आधी मांडला नाही, तर आठ दिवसांच्या आनंदाचे हप्ते दोन वर्षे फेडीत बसण्याची पाळी येते.

यात्रेचा खर्च काढण्याची सवय आपल्या घरांना जुनी आहे. काशीस किंवा पंढरपुरास गाडी चुकली तर दुसरी मिळते. धर्मशाळा भरली तर शेजारी आसरा मिळतो. आणि पैसे सरत आले तर मनुष्य एक मुक्काम कमी करून घराकडे वळतो. बेटावर या तिन्ही गोष्टी कठीण. परतीचे साधन ठरलेल्या दिवसाचे. तो दिवस चुकला की नवे तिकीट चढ्या दराने घ्यावे लागते. धान्य, भाजीपाला व इंधन यांचा मोठा भाग मुख्य भूमीवरून जहाजाने येत असल्यामुळे रोजचा खर्चही चढाच असतो. यास्तव बेटाच्या सहलीचा हिशेब निघण्यापासून नव्हे, तर परतण्यापासून मांडण्यास आरंभ करावा.

भंडारा रोड स्थानक वरठी येथे हावड्याच्या लोहमार्गावर आहे. तेथून कोलकाता सुमारे हजार किलोमीटर. पुढे समुद्रावरून सुमारे बाराशे किलोमीटरचे अंतर विमान दोन-सव्वादोन तासांत कापते. राजधानीचे पोर्ट ब्लेअर हे नाव २०२४ साली बदलून श्री विजयपुरम असे झाले. जुनी पुस्तके वाचून जाणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे. चेन्नई, कोलकाता व विशाखापट्टणम येथून जहाजेही जातात व त्यांचे साधे भाडे विमानाहून पुष्कळ कमी असते. परंतु प्रवास अडीच ते तीन दिवसांचा, म्हणजे जाऊन-येऊन जवळजवळ आठवडा. ज्याच्यापाशी वेळ भरपूर त्यालाच ही काटकसर परवडते. रेल्वेचे आरक्षण साठ दिवस आधी खुले होते. विमानाचे तिकीट त्याहूनही आधी पाहून ठेवावे. विमान व आगगाडी यांमध्ये, निदान जाताना, एका रात्रीचे अंतर अवश्य ठेवावे. नाही तर गाडीला झालेला चार तासांचा उशीर विमानाचे सारे भाडे गिळून टाकतो.

आता खर्चाच्या बाबी पाहू. त्या पाच आहेत : प्रवास, मुक्काम, जेवण, बेटांमधील फिरणे आणि गंगाजळी. समजा, एका शिक्षकाच्या घरात नवरा-बायको, दोन मुले व आजी अशी पाच माणसे असून, त्यांनी वीस महिने दरमहा साडेसात हजार रुपये बँकेच्या आवर्ती ठेवीत टाकले. म्हणजे हाती दीड लाख रुपये आले, व्याज वेगळे. पुढील दर केवळ उदाहरणादाखल घेतले आहेत; भाडी दर दिवशी बदलतात, सबब प्रत्येकाने आपल्या तारखांचे दर विचारून ते मांडावेत.

रेल्वे व विमान मिळून माणशी पंधरा हजार, दोन खोल्यांचे रात्रीस पाच हजार, जेवणाचे माणशी रोज सातशे, आणि नावा, गाड्या व प्रवेशशुल्क यांचे माणशी चार हजार धरू. सात रात्रींचा बेत केला, व त्यातली एक रात्र कोलकात्यात धरली, तर पाच जणांचा खर्च असा होतो : प्रवास ७५,०००, मुक्काम ३५,०००, जेवण २४,५००, फिरणे २०,०००. एकूण १,५४,५००. गंगाजळीस एक पैसा न ठेवताही बेत दीड लाखाच्या बाहेर गेला.

येथे घरात जी गोष्ट हळूच निघते ती अशी, की आजी घरीच राहिल्या तर बरे. वयही झाले, दगदग सोसवेल का? चौघांचा हिशेब केला तर प्रवास ६०,०००, मुक्काम ३५,०००, जेवण १९,६००, फिरणे १६,०००, म्हणजे १,३०,६०० रुपये होतात. गंगाजळीचे पंधरा हजार मिळवूनही बेत बसतो. कागदावर हे बरोबर आहे. परंतु तुरुंग पाहण्याची मूळ इच्छा ज्यांची, त्यांचेच नाव वजा करून जुळविलेला हिशेब खरोखर जुळला असे कोण म्हणेल?

माणूस कमी न करता दिवस कमी करून पाहावे. पाच रात्री ठेवल्या, आणि स्वराज द्वीप व शहीद द्वीप यांपैकी एकच पाहिले, तर फिरण्याचे माणशी तीन हजार पुरतात. मग प्रवास ७५,०००, मुक्काम २५,०००, जेवण १७,५००, फिरणे १५,०००. एकूण १,३२,५००. त्यात गंगाजळी १५,००० मिळविली की १,४७,५०० रुपये झाले. पाचही माणसे जातात आणि अडीच हजार शिल्लक राहतात. प्रकृतीचा प्रश्न मात्र डॉक्टरांना विचारून सोडवावा. पैशाच्या अडचणीला प्रकृतीचे नाव देऊ नये.

या पाच रात्रींची मांडणीही विचारपूर्वक केली पाहिजे. पहिली कोलकात्यात, दुसरी श्री विजयपुरम येथे, तिसरी व चौथी स्वराज द्वीपावर, आणि शेवटची पुन्हा श्री विजयपुरम येथे. शेवटची रात्र दूरच्या बेटावर काढू नये. समुद्र खवळला की नावा बंद राहतात, आणि विमान कोणासाठी थांबत नाही. सरकारी नावेचे भाडे खाजगी नावेहून कमी असते, वेळ मात्र अधिक लागतो. मेअखेर ते सप्टेंबर हा पावसाचा काळ. पुढे ऑक्टोबर-नोव्हेंबरातही पाऊस व वादळे येतात. त्या दिवसांत खोल्या स्वस्त मिळतात, पण खोळंब्याचा संभव वाढतो. म्हणून तेव्हा गंगाजळी दुप्पट धरावी. चेन्नईहून समुद्रतळाने नेलेली तार २०२० साली सुरू झाल्यापासून दळणवळण सुधारले आहे. तरी लहान बेटांवर थोडी रोख रक्कम जवळ असलेली बरी. शंख व प्रवाळ उचलून आणण्याचा मोह टाळावा. तो कायद्याने गुन्हा होऊ शकतो व त्याचा दंड कोणत्याही अंदाजपत्रकात बसत नाही.

केंद्र सरकारच्या नोकरांस प्रवास-सवलतीचा लाभ मिळतो. अंदमानसाठी विशेष सवलतही मुदतीमुदतीने जाहीर होत आली आहे. ती चालू आहे की नाही हे कचेरीत विचारावे. परंतु ही सवलत जाण्यायेण्याच्या भाड्याची आहे, खोलीची व जेवणाची नव्हे. सवलत मिळाली म्हणजे सहल फुकट झाली असे समजून पुष्कळ घरे फसतात.

राहिली गोष्ट कर्जाची. ऋण काढून सण करू नये हे वचन सर्वांस पाठ असते. आज तेच ऋण 'सुलभ हप्ते' या नावाने दाराशी येते. वीस महिने आधी भरलेला हप्ता घराला वाट पाहावयास शिकवितो, तर मागाहून भरावयाचा हप्ता मुलांच्या शाळेच्या शुल्काशी भांडत राहतो. रक्कम तीच, घरातील शांतता निराळी. गंगाजळीला हात न लावता पाचही जण वरठीच्या स्थानकावर उतरले, तर ते पंधरा हजार पुन्हा ठेवीत जावेत. शहीद द्वीप पाहावयाचे राहिलेच आहे. मुले मोठी झाल्यावर ते पाहू शकतील. आजींचे तुरुंग पाहणे मात्र पुढे ढकलण्याजोगे नव्हते.