उपाय तोच, दिवस चुकला!

अक्कलदाढ साधारणतः वयाच्या १७ ते २५ वर्षांच्या दरम्यान उगवते. जबड्यात जागा नसली म्हणजे ती हिरडीत आडवी अडकून बसते; आणि मग हिरडी कापून, प्रसंगी हाड थोडे कोरून, ती काढावी लागते. त्यानंतर गाल सुजणे, तोंड पुरते न उघडणे, हे स्वाभाविकच होय.

ऐन तिशीत आमची अशी दाढ काढली गेली. त्याच संध्याकाळी, घरच्या रीतीप्रमाणे, आम्ही मिठाच्या गरम पाण्याने खळखळून गुळण्या केल्या आणि गालही शेकला. तिसऱ्या दिवशी कानापर्यंत कळा जाऊ लागल्या. जखमेवर धरलेली रक्ताची गुठळी निघून आतले हाड उघडे पडले होते! ही गुठळी म्हणजे निसर्गाने जखमेवर घातलेले झाकण. ते जपणे हेच पहिल्या दिवसाचे मुख्य पथ्य.

गेल्या वर्षी हीच वेळ आमच्या धाकट्या कन्येवर आली. आत्याबाई शेकाची पिशवी घेऊन हजर! आम्ही म्हणालो, "ताई, आज बर्फ, शेक परवा दे."

पहिल्या दिवशी दंतवैद्यांनी ठेवलेला बोळा सांगितलेल्या वेळेपर्यंत दाबून धरावा. चूळ भरणे, जोराने थुंकणे, नळीने पेय ओढणे टाळावे. फडक्यात गुंडाळलेला बर्फ गालावर १५-२० मिनिटे धरावा, तितकाच वेळ काढून ठेवावा. असे पहिले दोन दिवस जागेपणी अधूनमधून करावे. निजताना उशी उंच घ्यावी. बधिरपणा उतरण्यापूर्वीच वेदनाशामक गोळी घेतलेली बरी. मात्र ती दंतवैद्यांनी दिलेलीच असावी. अल्सर वा मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी तो आधी सांगावा, कारण आयबुप्रोफेनसारखी औषधे त्यांना अपायकारक ठरू शकतात. अन्न मऊ व कोमट असावे: पेज, मऊ भात, दही. तंबाखू, मिसरी, विडी यांना पूर्ण रजा द्यावी.

२४ तासांनंतर मात्र पेलाभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ घालून, खळखळ न करता, जेवणानंतर हलकेच तोंड धुवावे. दोन दिवस उलटल्यावर कोमट शेक द्यावा. त्याने आखडलेला जबडा मोकळा होण्यास मदत होते.

सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वांत अधिक दिसते, म्हणून घाबरू नये. परंतु त्यानंतरही ती वाढत गेली, ताप आला, पू दिसला, रक्त थांबेना, किंवा कमी झालेली कळ पुन्हा उसळली, तर दंतवैद्यांना गाठावे. गिळताना वा श्वास घेताना त्रास होऊ लागला, तर क्षणाचाही विलंब न लावता रुग्णालयात जावे.

चौथ्या दिवशी कन्येने स्वतःहून वरणभात मागितला. आत्याबाईंचा शेकही तिने आनंदाने घेतला. घरचा उपाय खोटा नव्हता. आमचा दिवस तेवढा चुकला होता.