एक गाय, चार शाखा

"गाय तीनदा उलटली, गाभण राहत नाही," अशी तक्रार घेऊन शेतकरी कृषी विद्यापीठात येतो, तेव्हा त्याने कोणाचे दार ठोठवायचे? पशुविज्ञान विभागात आनुवंशिकी, पोषण, प्रजनन, दुग्धशास्त्र अशा शाखा असतात. प्रत्येकीचे प्राध्यापक वेगळे, प्रयोगशाळा वेगळी. गाय मात्र एकच!

आनुवंशिकीपासून सुरुवात करू. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने विकसित केलेल्या 'फुले त्रिवेणी' या संकरित गायीत होल्स्टीन फ्रिजियनचा वाटा ५० टक्के, जर्सीचा २५ टक्के आणि गीरचा २५ टक्के असतो. भरपूर दूध, चांगली फॅट आणि आपल्या हवेत टिकणारा काटकपणा एकत्र आणणे हा अशा संकरामागचा विचार. पण दूध वाढले की गायीची भूकही त्याच वेगाने वाढते का? नाही. व्यायल्यावर दीड-दोन महिन्यांत दूध शिखर गाठते. खाणे मात्र त्यानंतर काही आठवड्यांनी. मधली तूट गाय स्वतःच्या अंगची चरबी जाळून भरून काढते.

आता प्रजननशास्त्र. तूट मोठी असली, की मेंदूकडून बीजांडकोशाला मिळणारे संप्रेरकांचे संदेश मंदावतात. गाय माजावर उशिरा येते, माज मुका जातो किंवा रेतन करूनही गर्भ राहत नाही.

मग जास्त चारा घालावा? इथे पोषणशास्त्र आडवे येते. पोटाला मर्यादा आहे आणि वाळलेले काड सावकाश पचते. म्हणून १०० किलो काडावर ४ किलो युरिया पाण्यात विरघळवून शिंपडतात आणि ते तीन आठवडे हवाबंद ठेवतात. त्यातून निघणारा अमोनिया काडातील तंतू सैल करतो आणि पोटातील सूक्ष्मजीवांना नायट्रोजनही मिळतो. (युरिया नुसता खाल्ला गेला तर विषबाधा होते, हे विसरू नये.)

राहिले दुग्धशास्त्र. चरबी जाळणाऱ्या गायीच्या दुधात प्रथिनांच्या मानाने फॅट जास्त उतरते. मालक फॅट पाहून खूश होतो. प्रयोगशाळेला मात्र त्यात गायीची उपासमार दिसते. तक्रार प्रजननाची, मूळ आनुवंशिकीत, उपाय वैरणीत आणि पुरावा दुधात! उलटण्याची इतरही कारणे असतात, गर्भाशयाचा संसर्ग हे त्यांपैकी एक. म्हणून तपासणी हवीच. पण एकाच शाखेचा चष्मा लावला तर अर्धी गाय दिसते.

वर्गात हे गणित जरूर घ्या. गर्भकाळ सुमारे २८० दिवस. वर्षाला एक वेत हवे, तर व्यायल्यानंतर किती दिवसांत गाय गाभण राहायला हवी? ३६५ वजा २८०, म्हणजे ८५. माज दर २१ दिवसांनी येतो. तो एकदा हुकला की २१ दिवस गेले. तितक्या दिवसांचा चारा फुकट. मुलांना घरच्या गायींच्या विण्याच्या तारखा आणायला सांगा. दोन वेतांतले अंतर काढताना वजाबाकी कशासाठी शिकायची, हे त्यांना वेगळे सांगावे लागणार नाही.